डिंक ओला आहे

काकू झोपेत हसल्या, तिथून सगळं सुरू झालं.

दुपार होती. विगवाले काका दुकानात बसून आकड्याच्या सुईने जाळीत एकेक केस गुंफत होते आणि मागच्या आरामखुर्चीत काकूंचा डोळा लागला होता. फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली. कुणावर राजाचे कुरळे केस, कुणावर म्हातारीचा अंबाडा, बाकीची बोडकी. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा एका डोक्यावरून दुसऱ्यावर सावकाश सरकत असे. त्या दुकानातली दुपार संपायचं नावच घेत नसे.

"काय गं, हसलीस का?"

"तो आला होता," काकू डोळे न उघडताच म्हणाल्या.

"तो कोण?"

"लग्नाआधीचे तुम्ही. सायकलवरून. कपाळावर ती बट भुरभुरत होती. हल्ली बरेचदा येतो."

काकांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. कुठेही न अडखळता तो पार मानेपर्यंत गेला. दुसरा कुणी बायकोच्या स्वप्नात येत असता तर त्याची गचांडी तरी धरता आली असती. स्वतःच्याच तरुणपणाशी भांडायला जायचं कुठे?

"आणि मी? मी नाही येत?"

"तुम्ही काय, दिवसभर समोर असताच की!"

हे मात्र काकांना लागलं. विग घालावा म्हटलं, तर दुकानातला केसन्‌केस काकूंनी धुऊन, विंचरून, उन्हात वाळवलेला. तिच्याच हातचे केस डोक्यावर घालून तिच्यापुढे कसं मिरवायचं? आठवडाभर त्यांनी कळ काढली आणि शेवटी कोपऱ्यावरच्या त्वचा-केसांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं. काकूही निघाल्या. "स्वप्नातल्या माणसावर जळणारा नवरा बघू तरी दे डॉक्टरांना," म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून काकांचं डोकं न्याहाळलं. "गुळगुळीत टक्कल असतं तर मी घरी पाठवलं असतं. पण तुमच्याकडे लव आहे. लव असली की थोडी आशा असते. एक उपाय म्हणजे पीआरपी. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला उपयोगाचा भाग डोक्यात टोचायचा. दुसरा, नुसत्या बारीक सुया टोचून कातडीला जागं करायचं. तिसरं ते एक्झोसोम, म्हणजे पेशींतून काढलेले बारीक कण टोचायचे; त्याची हल्ली फार हवा आहे, पण पुरावा तोकडा. मी करत नाही."

"आणि पहिल्या दोनांत बरं कुठलं?"

"बहुतेकांना पहिलं. पण डोक्याडोक्यात फरक असतो."

"मग डावीकडे पहिलं करा, उजवीकडे दुसरं."

"अहो काका, असं अर्धं अर्धं कुणी करून घेत नाही!"

"विग चिकटवायचा नवा डिंक आला की मी असाच तपासतो. डावीकडे जुना, उजवीकडे नवा, आणि घाम येईस्तोवर जिना चढउतार करायची. त्याशिवाय कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. मग काकूंकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, हेच चेहऱ्यालाही करता येतं बरं का. सुरकुत्या थोड्या निवळतील."

"नको गं बाई. यांना मोतीबिंदू आहे. खाणाखुणा पुसल्या तर मला ओळखायचे कसे?"

महिने गेले. डोकं दुखलं, सुजलं, शांत झालं. आणि डॉक्टरीणबाईंचाही विश्वास बसेना, असे केस आले. डावीकडे चांगले दाट, उजवीकडे विरळ, आणि मधोमध कपाळावर येणारी एक चुकार बट. काका आरशापुढून हलेनात. लाकडी डोकीसुद्धा आपल्याकडे हेव्याने बघताहेत, असं त्यांना वाटू लागलं.

नेमके तेव्हाच नाटक कंपनीचे मॅनेजर दुकानात आले. कोपऱ्यात निवृत्त हेडमास्तर आपला विग नीट करून घेत बसलेले. मॅनेजर दारातच थबकले.

"काका! हा कधी केलात? अहो, काय काम आहे! एका बाजूला भरगच्च, एका बाजूला विरळ. विगवाले झाडून सगळे दोन्ही बाजू सारख्या करतात, म्हणून तर विग ओळखू येतो. हा अगदी खरा वाटतो!"

काका खरं सांगणार, तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "बघा! मी टोचून घ्यायला निघालो होतो, तर यांनीच अडवलं. म्हणाले, सर, गेलेला केस आणि गेलेला जावई परत येत नाही, विग घ्या."

काका घाईघाईने हेडमास्तरांच्या विगावरून कंगवा फिरवू लागले.

"नव्या नाटकात आमच्या नायकाला हाच पाहिजे," मॅनेजर म्हणाले. "काढा बघू जरा."

"डिंक... डिंक ओला आहे."

मॅनेजरांनी बट धरून हिसडा दिला. काका जागच्या जागी उडाले.

"ओला असून एवढा धरतो? डिंकही हाच द्या!"

झालं. बातमी पसरली. विग बघायला माणसं येऊ लागली. जो तो ओढून बघे, आणि काका डोळ्यांतलं पाणी आवरत म्हणत, "अजून ओला आहे." हेडमास्तरांनी तर आपल्या मित्रमंडळालाच आणलं आणि विगावर छोटंसं भाषण केलं. काकांनी दुकानातल्या केसांतून तसाच दुसरा करून बघितला. पण जन्मभर दोन्ही बाजू सारख्या करत आलेला हात, विरळ बाजू आली की आपोआप भरत जाई. तीनदा केला, तिन्हीदा नीटनेटका झाला. मॅनेजरांनी तिन्ही परत पाठवले. "हे विग वाटतात," निरोप आला.

"खरं सांगून टाका ना," काकू म्हणाल्या.

"आणि आजवर ज्यांना ज्यांना अडवलं, त्यांना काय तोंड दाखवू? सगळे उठून डॉक्टरीणबाईंकडे जातील. दुकानाला कुलूप लावायचं का?"

"मग जाऊ दे नाटक."

"त्यांना शब्द दिलाय मी."

काकू उठल्या, दुकानाचं दार लोटलं आणि कात्री हातात घेतली.

"बसा. डावी बाजू वेगळी ठेवते, उजवी वेगळी. आणि विरळ बाजू मी गुंफते. तुमचा हात काही ऐकायचा नाही."

बट सगळ्यात शेवटी कापली. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा फळीवरच्या बोडक्या डोक्यांत आणखी एकाची भर पडली होती.

नाटकाला दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. दिवे मंदावले, पडदा हळूहळू वर गेला आणि निळ्या उजेडात नायक आला. सायकल घेऊन! कपाळावर बट भुरभुरत होती. मागून हेडमास्तर कुजबुजले, "खरा वाटतो की नाही?" काकांच्या मनात आलं, आता हा माणूस स्वप्नातून उतरून थेट रंगमंचावर आला, आता आपलं काही खरं नाही. त्यांनी चोरून शेजारी बघितलं.

काकू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून शांत झोपल्या होत्या. आणि हसत होत्या.

मध्यंतराचे दिवे लागले तसा काकांनी धीर करून विचारलं, "तो आला होता?"

"हो."

"बट होती?"

"छे! चकचकीत टक्कल. सायकलसुद्धा हातात धरून, चालत आला. मी विचारलं, अहो, इतके दिवस होतात कुठे?"

"मग? काय म्हणाला?"

काकूंनी जांभई दिली आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"म्हणाला, दुकानात गिऱ्हाईक होतं."