ठकीमावशीची ताजी गिटार

झालं होतं एवढंच, की घरातलं सुकट संपलं होतं. बोईसरच्या बाजारात ते ढिगाने मिळतं. पण पुंजाराम आव्हाड म्हणाला, "बाजारातल्या सुकटात निम्मी वाळू असते. आपण मुरब्याला जाऊन थेट कोळणीकडूनच घेऊ." त्याच्या बायकोने, राहीने, पिशवी उचलली आणि दोघं एसटीत बसले. त्या दिवशी तिने "वाळू तर वाळू" एवढे तीन शब्द ऐकवले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पुंजाराम मूळचा सिन्नरकडचा. सालवडला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात 'क्वालिटी'त होता. दिवसभर तयार नळ हातात घ्यायचा, मोजायचा, आणि मनाला आला नाही की बाजूच्या लाल पेटीत टाकायचा. वाईट म्हणजे ही सवय तो घरी घेऊन यायचा. एकदा त्याने राहीच्या भाकरीला पट्टी लावली आणि ती एका अंगाने जास्त भरते असं सांगितलं. (त्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये जेवला. दुसऱ्या दिवशीही.)

कारखान्यातल्या हौशी मंडळींचा एक वाद्यवृंद होता. दर पाडव्याला सालवडच्या मैदानात त्याचा कार्यक्रम व्हायचा, आणि त्यात पुंजाराम खुळखुळा वाजवायचा. खुळखुळेवाल्याला पुढे कोण बसवतो? त्याची जागा भल्यामोठ्या स्पीकरच्या मागे. गेल्या वर्षी राहीचे वडील मुद्दाम जावयाला बघायला सिन्नरहून आले, सगळा कार्यक्रम डोळ्यांत तेल घालून पाहिला, आणि घरी आल्यावर काळजीने विचारलं, "जावईबापू, बरं नव्हतं का? कार्यक्रमाला आला नाहीत."

ते वाक्य पुंजारामच्या काळजात घुसून बसलं होतं. यंदा पुढे बसायचं आणि सासऱ्यांनी आपल्याला बघायचं, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता.

संधीही चालून आली होती. चार जाड तारांची बेस गिटार वाजवणारे गृहस्थ बदली होऊन बडोद्याला गेले आणि जाताना आपली गिटार घेऊन गेले. पुंजाराम त्यांच्याकडे बसून बसून ती वाजवायला शिकला होता. घरी गिटार नसल्यामुळे तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर सराव करायचा. (राहीची दोन लुगडी त्या सरावात मोरीत पडली.) पण वाद्यवृंदाचे प्रमुख खोचरेसाहेब सावध झाले होते. मधे मंडळाने मुंबईहून 'फॉरेनची' म्हणून एक गिटार आणली, तर दोन पावसाळ्यांत तिची मान केळ्यासारखी वाकली आणि आतून प्लायवुड निघालं. साहेबांनी जाहीरच केलं, "जो स्वतःची बेस गिटार आणेल तो पुढे बसून वाजवेल. पण गिटार अस्सल हवी. वसईच्या पास्कल मास्तरांनी पास केल्याशिवाय स्टेजवर चढणार नाही."

तर अशा मनःस्थितीत पुंजाराम मुरब्याला ठकीमावशीच्या अंगणात उभा होता. राही सुकट चाळून बघत होती. अंगणभर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. दांड्या भरल्या म्हणून कोपऱ्यात दोन खांबांवर आणखी एक लांबट वस्तू आडवी टाकली होती आणि तिच्यावरही बोंबील लोंबत होते. पुंजारामने बोंबील पाहिले. मग बोंबील कशावर टांगलेत ते पाहिलं. चार जाड तारा होत्या.

"मावशी," तो जपून म्हणाला, "हे काय आहे?"

"गिटार हाय. माजा भाव महादू बोटीवर खलाशी होता ना, त्याने आनली. बोट सोडली तवा मला देऊन गेला, बोलला इकून टाक. कोन घेतो? मग बोंबील टाकते."

"किती जुनी आहे?"

ठकीमावशीचा सुकट मापणारा हात थांबला. उभा जन्म मासळी विकण्यात गेलेल्या बाईला कोणी असा प्रश्न तोंडावर केला नव्हता.

"जुनी? कोन बोलला जुनी? आमच्याकडं जुना माल नसतो, बाबा. ताजी हाय."

"नाही, जुनी असेल तर बरंच आहे."

"बरं कसं? जुनी बोलायचं न् भाव पाडायचा, नाय का? हात लावून बग. कुटं मऊ पडलीय?" असं म्हणून तिने पापलेट दाबावं तसा गिटारीच्या पोटावर अंगठा दाबून दाखवला.

"अहो," राही हळूच म्हणाली, "कल्ले उघडून बघा, लाल आहेत का."

पुंजारामला चेष्टा ऐकू येत नव्हती. पास्कल मास्तरांनी एका तालमीला त्याला अस्सल गिटारीच्या खुणा सांगितल्या होत्या. जुनं पॉलिश सुकलेल्या तळ्यासारखं बारीक तडकतं. वाजवणाऱ्याचा हात जिथे टेकतो तिथला रंग झिजून लाकूड दिसतं. या दोन्ही खुणा समोर होत्या. बोंबील बाजूला सारून सारून त्याने त्या पाहिल्या. तिसरी खूण मात्र आत होती. मान धडाला स्क्रूने जोडलेली असते. ती सोडवली की कधीकधी आत कारागिराने पेन्सिलीने घातलेली तारीख सापडते. ती उघडण्याची त्याची छाती झाली नाही.

"मावशी, सांगाल ती किंमत देतो. फक्त जुनी आहे एवढं सिद्ध होऊ दे. पुढच्या रविवारी मी मास्तरांना तपासायला आणतो."

ठकीमावशीने त्याला खालीवर न्याहाळलं आणि मग राहीकडे वळून सहानुभूतीने विचारलं, "बाय, हा घरी पन असाच?"

"घरी जास्त," राही म्हणाली.

"आन मास्तरला," ठकीमावशी पुंजारामला म्हणाली. "दोन आन. भाव पाचशे, एक पैसा कमी नाय. माज्या मालात खोट निगाली तर नावाची ठकी नाय."

तो आठवडा पुंजाराम जमिनीपासून वीतभर वर चालत होता. कारखान्यात त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक वाकडा नळ पास केला. सासऱ्यांना त्याने कार्ड टाकलं: यंदा अगदी पुढे बसा, मीही पुढेच असेन.

"आधी गिटार तर येऊ द्या," राही म्हणाली.

"अगं, ती जाते कुठे?"

गिटार कुठे गेली नव्हती. पण मास्तर तपासायला येणार म्हटल्यावर कोणती बाई माल तसाच ठेवील? शिमगा तोंडावर आला होता, मुरब्याच्या होड्या रंगत होत्या, आणि ठकीमावशीचा भाचा सुका हा गावातला नावाजलेला होडी रंगवणारा होता.

रविवारी पुंजाराम, राही आणि पास्कल मास्तर अंगणात शिरले, तेव्हा पुंजारामला गिटार दिसलीच नाही. खांबांच्या मधे एक छोटी होडी दिसली. निळीजर्द, कडेने पिवळा पट्टा, पट्ट्यावर लाल ठिपके. तिच्या पोटावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: एकवीरा आई प्रसन्न.

"बग," ठकीमावशी अभिमानाने म्हणाली. "कुनी बोलंल जुनी?"

पुंजाराम खाली बसला. तिथे सुकटाची टोपली होती, हे त्याला बसल्यावर कळलं.

"मावशी, ते तडे होते ना, पॉलिशचे..."

"बुजवले. लांबी भरली."

"आणि रंग उडालेली जागा?"

"दोन हात मारलेत तितं. सुका बोलला, आता दर्यात टाकली तरी पानी शिरनार नाय."

पुंजाराम आशेने पास्कल मास्तरांकडे बघू लागला. मास्तर वसईच्या लग्नांतून वाजवून केस पिकलेला माणूस. त्यांनी गिटार उचलली, वजन घेतलं, कानाशी धरून एक तार छेडली आणि डोळे मिटले. मग नाक मिटलं.

"बाबा रे," ते म्हणाले, "रंगावरून मी काय सांगणार? ही होडी म्हणून पास आहे. गिटार म्हणून बघायची तर उघडायला पाहिजे."

स्क्रू रंगाखाली बुडाले होते. पुंजारामच्या खिशात पेचकस असायचाच. (लग्नालाही त्याने तो नेला होता, सासऱ्यांच्या मांडवातला पंखा त्यामुळेच बंद पडला.) त्याने रंग खरवडला, श्वास रोखून स्क्रू काढले आणि मान उचलली.

आतून प्रथम मूठभर जवळा पडला.

मग मास्तरांनी फुंकर मारली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि सगळे वाकले. लाकडावर फिकट पेन्सिलीने महिना लिहिला होता आणि पुढे चौसष्ट साल.

"अस्सल," पास्कल मास्तर हळू आवाजात म्हणाले. चर्चमध्ये बोलावं तसे. "आत्ता शहाऐंशी चालू आहे. बावीस वर्षांची आहे ही. अमेरिकेतली."

पुंजारामचे डोळे भरून आले. पण त्याच्याहून जास्त ठकीमावशीचे भरले.

"बावीस?" ती मटकन ओट्यावर बसली. "मेल्या महाद्या, बावीस वर्सांचा माल आनलास? न् मी या भल्या मानसाला ताजी ताजी बोलून इकत होते."

"मावशी, अहो, हेच तर पाहिजे होतं."

"नाय रं बाबा. आता मी पुरा भाव नाय घेनार. शिळ्या मालाला ताज्याचा भाव घेतला तर दर्या बघतो."

"उलट जास्त घ्या. जुनी आहे म्हणून किंमत जास्त."

"निम्मे दे."

"दीडपट देतो."

मुरब्याच्या अंगणात असा सौदा त्याआधी कधी झाला नव्हता. गिऱ्हाईक चढत होतं, विकणारी उतरत होती, आणि शेजारच्या कोळणी टोपल्या टाकून कुंपणाशी जमल्या होत्या. एक जण दुसरीला म्हणाली, "ह्याला आमच्याकडं धाड गं."

शेवटी राहीने नवऱ्याला असा चिमटा काढला की त्याची बोली अर्ध्या शब्दात तुटली. मग ती ठकीमावशीच्या शेजारी ओट्यावर बसली. "मावशी, पहिल्या दिवशी तुम्ही जो भाव बोललात ना, तोच घ्या. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. कोणी कोणाला फसवलं नाही." ठकीमावशीने पदराने डोळे पुसले, पैसे घेतले, आणि तरी मन खाऊ लागलं म्हणून बोंबलांची एक अख्खी माळ गिटारीच्या गळ्यात घालून दिली.

मास्तर वसईच्या वेगळ्या गाडीने गेले. (घाई होती म्हणाले. गाडी दोन तासांनी होती.) पुंजाराम आणि राही एसटीत चढले, तर कंडक्टरने हात आडवा केला.

"मासळी टपावर."

"मासळी नाही. गिटार आहे."

कंडक्टरने वास घेतला. मागच्या बाईने वास घेतला. ड्रायव्हरने मागे वळून घेतला.

"मासळीच आहे," कंडक्टर म्हणाला, आणि अमेरिकेची बावीस वर्षांची अस्सल गिटार टपावर बसून सालवडला आली.

घरी आल्यावर पुंजारामने रॉकेलच्या बोळ्याने रंग काढला. नव्या तारा चढवल्या. मंडळाच्या जुन्या स्पीकरला वायर जोडून पहिली तार छेडली, तेव्हा फळीवरचे डबे गुणगुणले. असा भरदार, खोल आवाज, की राहीसुद्धा हातातलं लाटणं ठेवून दारात येऊन उभी राहिली. "चांगलं वाजवता हो तुम्ही," ती म्हणाली. लग्नानंतर तिने त्याला पास केल्याची ही पहिलीच वेळ.

रंग गेला, पण बोंबील गेला नाही. तो लाकडात मुरला होता. पुंजारामने लिंबू चोळलं, उन्हात ठेवली, कापूर जाळला, राहीचा पावडरचा डबा रिकामा केला. मग गिटारीला लिंबू, कापूर आणि पावडर लावलेल्या बोंबलाचा वास येऊ लागला. सालवडची मांजरं आधी उंबऱ्यापर्यंत येत, मग ओट्यापर्यंत, मग सरावाला बसू लागली. तो वाजवायचा थांबला की ती ओरडायची. (पुंजाराम याला दाद समजायचा.)

पाडव्याच्या संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या पायऱ्यांनी, पडदा पडलेला असतानाच स्टेजवर चढला. पडद्याच्या फटीतून दिसलं, समोर पहिल्या रांगेत दोन दिवस घरी मुक्कामाला असलेले सासरे नवं पागोटं बांधून बसले होते. खोचरेसाहेब स्वागताला पुढे आले आणि चार हातांवर थबकले. त्यांनी रुमाल काढला.

"आव्हाड, गिटार अस्सल आहे ना?"

"पास्कल मास्तरांनी पास केलीय, साहेब."

"मग वाजवायची तुम्हीच. शब्द म्हणजे शब्द." साहेबांनी वारा कुठून येतो ते बोट वर करून पाहिलं. "फक्त एक सांगा. तुमची वायर किती लांब आहे?"

वायर चांगली लांब होती. स्टेजच्या मागच्या पायऱ्यांपर्यंत, स्पीकरच्याही पलीकडे, जिथे मांडववाल्याने रिकामी खोकी रचली होती तिथपर्यंत पुरली. पुंजाराम एका खोक्यावर बसला. भोवती सालवडची सगळी मांजरं गोल करून बसली. आणि तो वाजवायला लागला तेव्हा खरंच सगळं मैदान खालून थरारलं. लोकांना कळेना आज गाणी इतकी भरून कशी येतायत.

कार्यक्रम संपल्यावर सासरे घरी आले. पुंजाराम मान खाली घालून पाटावर बसला होता. राही ताट वाढत होती. म्हातारबुवांनी पागोटं उतरवलं, जावयाच्या पाठीवर मायेने हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, यंदा मात्र तुम्ही होतात हो. मी शेजारच्याला सांगितलंसुद्धा, आमचे जावई आहेत यात."

पुंजारामने आशेने वर पाहिलं. "दिसलो का तुम्हाला?"

"दिसला नाहीत," सासरे म्हणाले. "वास आला."