करुणरसाचं प्रात्यक्षिक

बारामतीत नाट्यकलेचं महाविद्यालय निघालं तेव्हा तिथं रंगमंच नव्हता, पडदा नव्हता आणि नाटकात काम केलेला एकही शिक्षक नव्हता. चालकांनी ही स्थिती अनुकूल मानली. रंगमंच असला की मुलं त्यावर चढतात, चढली की बोलतात आणि बोलली की अभ्यास बुडतो, असं प्राचार्य दत्तोपंतांचं अनुभवानं बनलेलं मत होतं. अनुभव कशाचा, हे विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती. खुद्द दत्तोपंतांनी जन्मात तोंडाला रंग लावला नव्हता. "वैद्यानं रोग जाणावा, आजारी पडू नये," असं ते म्हणत, आणि मुलं तेही उतरवून घेत.

कोऱ्हाळे बुद्रुकचा कुंडलिक या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होता. गावात असताना हे पोरगं पाटलाची चाल आणि शेजारच्या म्हातारीचा खोकला असा काही काढायचं, की म्हातारी घरातून ओरडायची, "मी हितं हाय, मग तितं कोन खोकतंय?" त्याचा बाप रावजी कालव्याच्या पाण्यावर पेरू आणि वांगी पिकवायचा. आता बोलपट निघालेत आणि त्यात पगारी माणसं लागतात, असं त्यानं कुठंसं ऐकलं आणि पोराला बारामतीला घातलं.

"शीक बाबा," तो म्हणाला. "पास झालास तर बोलपटात जा. न्हाय झालास तर कुदळ काय कुठं पळून जात न्हाय."

म्हणजे पदविका मिळाली तर बोलपट, नाही मिळाली तर वांगी. कुंडलिकला वांगी खायलासुद्धा आवडत नव्हती.

पहिल्या वर्षी त्याला भुवईचा सिद्धान्त शिकवला. दुसऱ्या वर्षी अश्रूंचे प्रकार, उपप्रकार आणि अपवाद झाले. या अभ्यासानं त्याची पाटलाची चाल पार बिघडली. एक पाय उचलला की दुसरा कोणत्या रसात टाकावा हेच त्याला सुचेना. दत्तोपंतांनी ही प्रगती म्हणून नोंदवली. शेवटच्या वर्षी मात्र एक प्रात्यक्षिक होतं, करुणरसाचं, आणि कुंडलिकच्या वाट्याला आली पतिनिधनानं व्याकुळ झालेली राणी.

महाविद्यालयात मुली नव्हत्या. बायकांनी रंगभूमीवर यावं, या पुरोगामी मताचे दत्तोपंत होतेच. त्यावर त्यांनी पुण्यात टाळ्यांचं व्याख्यानही दिलं होतं. पण त्या बायका दुसऱ्यांच्या घरच्या असाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"मिशी काढावी लागेल," दत्तोपंत म्हणाले.

कुंडलिकनं मिशी हातानं झाकली. "गुरुजी, आमच्यात बाप गेल्यावरच मिशी काढत्यात. माझा बाप जिता हाय."

"नियमात मिशीचा उल्लेख आहे. वडिलांचा नाही."

"पर गाव काय म्हणंल?"

"गाव परीक्षक नाही," दत्तोपंत म्हणाले. "आणि हे पाहा, लुगडं आपलं आपण आणायचं."

बारामतीच्या न्हाव्यानं मिशीवर वस्तरा टेकवला आणि हळूच विचारलं, "कदी गेलं?"

"न्हाय गेलं. परीक्षा हाय."

"व्हय रं बाबा, परीक्षाच म्हणायची," न्हावी म्हणाला आणि त्यानं पैसे घेतले नाहीत. कुंडलिक आईचं लुगडं आणायला मोटारअड्ड्यावर पोचायच्या आत, कोऱ्हाळ्याचा रावजी गेल्याची बातमी तिथं पोचली होती. मोटारीत एरवी ड्रायव्हरच्या शेजारी मामलेदाराच्या माणसाशिवाय कुणाला बसू देत नसत. आज ड्रायव्हरनं स्वतः खाली उतरून कुंडलिकला हाताला धरून बसवलं.

"अवो, माझा बाप चांगला जिता हाय!" कुंडलिक ओरडला.

मागून कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सुरवातीला असंच वाटतं, लेकरा."

आता रावजी घरी असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण बारामतीत पेरूचा भाव पडला म्हणून तो गाडी घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेला होता आणि अजून परतला नव्हता. झालं! बिनमिशीचा ओठ घेऊन कुंडलिक दारात उभा राहिला, आणि त्याची आई चंद्राबाई हातातलं सूप टाकून मटकन खालीच बसली.

"आये, तात्याला काय बी झालं न्हाय!" कुंडलिक तिच्या कानाशी म्हणाला. "मला राणीचं काम हाय. तुझं लुगडं न्यायला आलोय."

"माझ्या गळ्याची आन?"

"तुझ्या गळ्याची आन."

चंद्राबाईचा जीव भांड्यात पडला. पण तोवर दारात गाव जमलं होतं, आणि एकदा जमलेल्या गावाला माघारी धाडायची सोय आपल्याकडं कुठंच नाही. सगळ्यांच्या पुढं शेजारची भामाबाई होती. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून हिनं रावजीला, "तुझी तिरडी बघूनच पानी पिईन," असं बांधावरून सांगितलं होतं. तिनं असा हंबरडा फोडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"देवमानूस गेला गं! आता कुनासंगं भांडू मी! चंद्राबाई, ह्या पाळीचं पानी आधी तूच घे बाई!" आणि रीतीप्रमाणं बांगड्या फोडायला तिनं चंद्राबाईचा हात धरला.

चंद्राबाईनं झटक्यासरशी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. "जरा दमा की! मानूस जिता हाय म्हनतंय पोर!"

"डोक्यावर परिनाम झालाय दोघांच्या," भामाबाईनं मागच्या बायकांना सांगितलं आणि पुन्हा सूर धरला.

मग पाटील आबासाहेब बोलायला उभे राहिले. रावजीला ते एरवी आडमुठा म्हणत. आज त्यांनी त्याला पंचक्रोशीतला सरळ माणूस म्हटलं, आणि शाळेपुढल्या पाण्याच्या हौदाला त्याचं नाव द्यायचं जाहीर केलं. हौद बांधला नव्हता, त्यामुळं कुणाची हरकत निघाली नाही.

तेवढ्यात बारामतीहून खास मोटार आली आणि तिच्यातून हातात हार घेऊन दत्तोपंत उतरले. कुंडलिकला हायसं वाटलं. चला, खरं ठाऊक असलेला एक तरी शिकलेला माणूस आला!

दत्तोपंतांनी उपरण्यानं डोळे टिपले. "रावजींच्या जाण्यानं आमचं महाविद्यालय पोरकं झालं आहे," ते म्हणाले. रावजीला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण ते त्याच्या स्वभावावर बराच वेळ बोलले, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी माना डोलावल्या.

"गुरुजी!" कुंडलिक त्यांचा हात धरून ओरडला. "तुमीच मिशी काढायला लावली न्हवं? सांगा की ह्यांना!"

दत्तोपंत खालच्या आवाजात म्हणाले, "समुदाय जमला आहे. अशा वेळी संस्थेनं मागं राहणं बरं दिसत नाही."

गर्दीच्या मागं एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीवाला आसूड हातात घेऊन टाचा उंचावून पाहू लागला. "कोन गेलं रं?" त्यानं पुढच्याला विचारलं.

"रावजी गेला. लई चांगला मानूस," पुढचा मागं न बघता म्हणाला.

रावजी ऐकत राहिला. पाटलांचा हौद त्यानं पुढच्यांच्या तोंडून ऐकला, भामाबाईचं पाणी ऐकलं, आणि पटका काढून स्वतःचे डोळे पुसले. आपल्याला इतकं कुणी चांगलं म्हणतं हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी न राहवून तो पुढं झाला. "आबा, त्या हौदाचं खरं न्हवं?"

गाव वळून बघायला लागलं. मग चिडलं. आणि चिडणारच की हो! एवढं रडायचं आणि माणूस पेरू विकून चालत यायचा?

"रावजी, गावाला असं फशिवणं बरं न्हवं," आबासाहेब म्हणाले. हौद त्याच बैठकीत रद्द झाला. भामाबाईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि पाण्याची पाळी आपलीच असल्याचं तिथल्या तिथं सांगून टाकलं.

"मेलो व्हतो तवा जरा बरा व्हतो म्हनायचं," रावजी म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

दत्तोपंत मात्र प्रसन्न होते. असं प्रात्यक्षिक महाविद्यालयात पुन्हा व्हायचं नाही म्हणून त्यांनी परीक्षा तिथंच झाल्याचं जाहीर केलं. भामाबाई विशेष गुणवत्तेनं उत्तीर्ण झाली. आबासाहेब, मोटारीचा ड्रायव्हर, सगळे उत्तीर्ण. कुंडलिक तेवढा नापास.

"सगळं गाव रडलं, आणि मुख्य पात्र सारखं खरं बोलत होतं," दत्तोपंत म्हणाले. "अशानं रसभंग होतो."

कुंडलिकनं कुदळ घेतली. मिशी पुन्हा वाढली आणि वांगीही बरी आली. भामाबाईनं आपलं प्रशस्तिपत्रक काचेत घालून देवांच्या शेजारी लावलं, आणि आजूबाजूच्या गावांत कुणी गेलं की तिला पार लोणी भापकर गावापर्यंत मानानं गाडी धाडून बोलावू लागले.

तीनेक वर्षांनी, वैशाखाच्या उन्हात, रावजी पेरूऐवजी कलिंगडं घेऊन इंदापूरला गेला. या वेळी कुंडलिक सोबत होता. बाजारातच रावजीला भोवळ आली, आणि सांज व्हायच्या आत सगळं आटोपलं. असल्या उन्हात मढं इतक्या लांब न्यायचं नाही, असं शहाण्या माणसांनी सांगितलं. कुंडलिकनं तिथंच बापाला अग्नी दिला, मिशी उतरवली आणि रिकामी गाडी घेऊन तो कोऱ्हाळ्यात आला.

वेशीवरच भामाबाई भेटली. तिनं त्याच्या ओठाकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "ह्या खेपेला कुनाचं काम रं? राणीचंच का?"

"काकी, तात्या गेला," कुंडलिक म्हणाला.

"आन मागल्या खेपेला जिता हाय म्हनत व्हतास!"

गाव जमलं. कुंडलिक गाडीच्या चाकाला धरून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. कोणता प्रकार आणि कोणता उपप्रकार, हे त्याला काही आठवलं नाही.

"आता जमायला लागलं पोराला," आबासाहेब म्हणाले. त्यांनी खिशातून चांदीचा रुपया काढून त्याच्यापुढं टाकला, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

चंद्राबाई उंबऱ्यात आली होती. तिनं लेकाचा ओठ पाहिला. आन घालून काही विचारलं नाही. पदराखालून दोन्ही हात काढले आणि स्वतःच उंबऱ्यावर आपटले. काचा फुटल्याचा आवाज टाळ्यांत कुणाला ऐकू गेला नाही.

मघाशी रावजी जिवंत परतला तेव्हा तुम्ही हसत होता. आता तुमचा चेहरा पडलाय. फार झटकन पडला हो, शोभूनही दिसतोय! महाविद्यालय अजून चालू आहे. तुमचं प्रशस्तिपत्रक घेऊन जा.