न्हाणीला सत्तर गुण

बाबाराव गुरुजींच्या अंगणातली न्हाणी दहा दिवसांत आणि चाळीस हजारांत बांधून होणार होती. सहाव्या दिवशी संध्याकाळी भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या आणि तीस हजार संपले होते.

"रविवारी बेबी येते," कांताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या, पण गुरुजींना पुढचंही ऐकू आलं.

बेबीताई या कांताबाईंच्या धाकट्या बहीण, यवतमाळला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. मागच्या बुद्धपौर्णिमेला त्या इथे फुलसावंगीत आल्या तेव्हा उभ्या खाटेवर लुगडं टाकून केलेल्या आडोशात त्यांना आंघोळ करावी लागली होती. त्या खाटेचं वर्णन त्यांनी वर्षभर प्रत्येक लग्नात आणि बारशात केलं. यंदा बेबीची आंघोळ कडीच्या दाराआड झालीच पाहिजे, असं कांताबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं.

गुरुजींनी लेकीला फोन लावला. मोनाली नागपूरला रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होती.

"बाबा, नुसता खर्च पाहून काही समजत नाही," ती म्हणाली. "तीन आकडे काढा. आजपर्यंत किती काम व्हायचं होतं, खरंच किती झालं, अन् त्याच्यात पैसे किती गेले. तिन्ही रुपयांत मांडा. आमच्याकडे याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. कमावलेलं काम."

गुरुजींनी खडू घेतला. त्यांचं सगळं आयुष्य चौथीला गणित शिकवण्यात गेलं होतं. "व्हायचं होतं चोवीस हजाराचं. पाया झाला, भिंती अर्ध्या झाल्या, म्हणजे बारा हजाराचं झालं. गेले तीस."

"म्हणजे रुपया देऊन तुम्ही चाळीस पैशांचं काम घेऊन राहिले. असंच चाललं तर न्हाणीला वीस दिवस लागतील, अन् लाख रुपये."

लाखाचा आकडा ऐकून दुसऱ्या कोणीही काम तिथेच थांबवलं असतं. गुरुजींना मात्र उत्तर पूर्णांकात आल्याचा आनंद झाला.

सकाळी त्यांनी घराच्या भिंतीवर खडूने तक्ता काढला. पाया दहा, भिंती चाळीस, पत्रे दहा, दार पंधरा, फरशी दहा, नळ आणि शॉवर दहा, आरसा पाच. एकूण शंभर. मग त्यांनी नागोराव मिस्त्रीला समोर उभं केलं. नागोराव त्यांच्याच हाताखाली चौथी शिकलेला; पन्नाशी आली तरी गुरुजींसमोर हाताची घडी घालायचा.

"नागोराव, आजपासून रोजी बंद. जेवढे गुण, तेवढे पैसे."

"कोन्याबी कामाचे?"

"ज्याच्यापुढे गुण लिहिले, त्या कामाचे."

नागोरावने तक्ता दोनदा वाचला. "मंग काही हरकत नाही, गुरुजी."

दुपारच्या एसटीने गुरुजी बेबीताईंना आणायला निघाले, कारण न्यायला कोणी आल्याशिवाय बेबीताई कुठेच जात नसत. संध्याकाळी नागोरावचा फोन आला, "गुरुजी, पंचावन." शनिवारी परत आला, "सत्तर."

"दोन दिवसांत चाळीस गुण?" मोनाली फोनवर चकित झाली. "बाबा, आठव्या दिवशी ऐंशी पाहिजेत, म्हणजे आता तुम्ही जेमतेम दहाच मागे आहात."

रविवारी बसमध्ये बेबीताईंनी विचारलं, "भाऊजी, खाट हाये नं अजून?"

"पहिल्या वर्गाची न्हाणी आहे," गुरुजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

अंगणात पाय ठेवताच ते थांबले. कमरेइतक्या भिंतींच्या मधोमध एक उंच, नवंकोरं दार उभं होतं, हिरव्या रंगाचं. ते बंद होतं. भिंतीवरून आतली चकचकीत फरशी दिसत होती. एका उभ्या पाईपच्या टोकाला शॉवर होता आणि त्याच पाईपला तारेने बांधलेल्या आरशात शेजाऱ्यांची म्हैस दिसत होती.

"अवं कांता," बेबीताई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "दार कायले लावलं? कोनी आत पाहीन म्हनून?"

कांताबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. "दोनदा फोन केलता मी. तर हे म्हने, गुण किती झाले थे सांग."

"नागोराव," गुरुजींचा आवाज बारीक झाला, "भिंती?"

नागोरावने हाताची घडी घातली. "गुरुजी, चौथीत तुमीच शिकवलं. पेपर हाती आला का सोपे प्रश्न पहिले सोडवाचे, अवघड शेवटी. आरशाचे पाच गुण अर्ध्या घंट्यात भेटले. भिंतीचे वीस भेटाले उन्हात चार दिवस मराव लागते."

गुरुजींना यात एकही चूक सापडली नाही.

पौर्णिमेच्या सकाळी कांताबाईंनी तीच खाट आणली, चार बांबू बांधले आणि भिंतींवरून लुगडी सोडली. बेबीताई टॉवेल घेऊन दारातून आत गेल्या. कडी वाजली. शॉवर सुरू झाला आणि बराच वेळ बंद झाला नाही. कांताबाई डोळे मिटून ओट्यावर बसल्या होत्या.

"कांता," आतून आवाज आला, "माह्या बिल्डिंगीत उन्हाळ्यात मानसामागं दीड बालटी पानी भेटते. शॉवरवर मी पोछा वाळू घालतो. अन् इथं वरतं आभाळ अन् धो धो पानी. हॉटेलातबी असं नाही."

बाहेर येताच त्यांनी चार नातेवाइकांना फोन करून हेच सांगितलं. कांताबाईंनी वर्षानंतर पहिल्यांदा बहिणीच्या पानात दुसरी पुरणपोळी वाढली.

बेबीताई दोन दिवसांसाठी आल्या होत्या. पाचव्या दिवशीही त्यांची बॅग उघडीच होती. तेवढ्या दिवसांत घरावरची पाण्याची टाकी तीनदा रिकामी झाली होती.

"अहो," कांताबाई गुरुजींच्या कानाशी आल्या, "बेबीचे तीन आकडे काढा."

"ती जाणार कधी?"

"तिले इचारलं मी. म्हने, वरतं पत्रे पडले का जाईन. मंग आभाळ दिसत नाही, मजा नाही."

गुरुजी उठले. त्यांनी ओल्या फडक्याने तक्ता पुसला आणि त्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं: सर्व प्रश्न सोडवणे सक्तीचे आहे. क्रमाने सोडवावे.

नागोरावने ते सावकाश वाचलं. "गुरुजी, जादा वेळ भेटते का?"

"नाही," चुलीपाशी बसलेल्या कांताबाई म्हणाल्या.