खोली नंबर तीनमधला बेस कुणी चोरला?

माझी ओळख करून द्यावी लागते, यावरून लातूरच्या सामान्यज्ञानाची कल्पना यावी. मी उद्धव हाळीकर. मराठवाड्यातला एकमेव शास्त्रशुद्ध खाजगी गुप्तहेर. तीस वर्षं जमीनमोजणीत काढली. कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला, हे मी नुसत्या चपलांवरून सांगत असे. ते दर वेळी चुकीचं निघायचं, पण तो चपलांचा दोष. नजर करारी, नाक तपासाला शोभेल असं लांब, उजव्या कानात बारा महिने हीना अत्तराचा फाया. निवृत्तीनंतर घरावर दोन मजले चढवले आणि शिकवणीला येणाऱ्या सोळा पोरांना खोल्या दिल्या. सोळाही जणांना डॉक्टर व्हायचंय. एकालाही जाताना पंखा बंद करता येत नाही.

माझी सहायक म्हणजे माझी बायको सौदामिनी. हे पद तिने अजून स्वीकारलेलं नाही. ती खाली पोरांची मेस चालवते आणि माझ्या कामाला 'रिकामपण' म्हणते.

त्या मंगळवारी सकाळी खोली नंबर तीनमधला सत्यम माझ्यापुढे येऊन उभा राहिला. औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याचं पोरगं. हातात काळे, वायरवाले, स्वस्तातले इयरफोन आणि चेहरा दावणीची म्हैस गेल्यासारखा.

"काका, यातला बेस गेला."

"कुठे गेला?" तपासात पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.

"ते ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

बेस म्हणजे ढोलाचा तो खालचा, छातीत घुमणारा आवाज, असं त्याने मला समजावलं. मला ते माहीत होतंच, पण साक्षीदाराला बोलू द्यावं. त्याने आणि त्याच्याच खोलीतल्या मुकुलने शनिवारी रामकिशनच्या दुकानातून एकसारखे दोन जोड घेतले होते. रामकिशनने स्वतःच्या हाताने सत्यमच्या कानात घालून जत्रेतला ढोल ऐकवला होता.

"काळीज हाललं, काका. अन् रूमवर येऊन लावलं तर ढोल कुठंच न्हाई. नुसती ताटली वाजून राहिली."

माझा पहिला निष्कर्ष तीन मिनिटांत तयार झाला. पाणी! लातूरच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळसुद्धा शिजायला नाही म्हणते. आंघोळीनंतर कानात राहिलेल्या ओलीतून क्षार चढणार आणि इयरफोनच्या जाळीत बसणार. मी दोन्ही जाळ्या लिंबाच्या रसाने पुसल्या. ढोल आला नाही. सत्यमच्या कानाची मात्र आग झाली.

दुसरा निष्कर्ष वीज. कमी दाबाच्या विजेवर चार्ज झालेला मोबाइल आवाजही कमी दाबाचाच देणार. हे एखाद्या इंजिनिअरला सुचायचं नाही, कारण ते बिचारे शिकलेले असतात. मी मोबाइल हीटरच्या सॉकेटवर लावून शेजारी हीटरही सुरू ठेवला, वीज जोरात खेचली जावी म्हणून. मजल्याचा फ्यूज उडाला. सोळा भावी डॉक्टर गॅलरीत येऊन माझ्या नावाने ओरडले.

मग मी स्वतः ऐकायचं ठरवलं. तज्ज्ञ माणूस एकाच कानाने ऐकतो. मी उजव्या कानाने ऐकलं. ढोल नाही. मुकुलचे इयरफोन मागवून ऐकले. त्यातही नाही. सत्यमलाही दोन्हींत काही सापडेना. मुकुलने मात्र दोन्ही जोड एकेक करून लावले आणि मान डोलावली.

"काका, चांगले तर आहेत. दोन्ही सारखेच वाजून राहिले."

इथे तो सापडला. दोघा सज्जनांना जे ऐकू येत नाही, ते तिसऱ्याला ऐकू येतंच कसं? मुकुल नांदेडचा, वडील गणिताचे सर. चादरीला सुरकुती नाही, पुस्तकाला दुमडलेलं पान नाही. इतकं व्यवस्थित पोरगं निर्दोष असेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. बेस असलेले दोन्ही जोड लपवून त्याने खोलीत दोन भिकार जोड आणून ठेवले होते, हे उघडच होतं. कशासाठी, हा प्रश्न सामान्य माणसं विचारतात.

मेसच्या दाराशी फळा आहे. त्यावर मी खडूने लिहिलं: 'इयरफोन चोरी. संशयित: खोली ३, पलंग २.' नाव लिहिलं नाही. गुप्तता पाळावी लागते.

दुपारी जेवताना मुकुलच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. एकाने जाता जाता आपलं घड्याळ खिशात घातलं, त्याला दिसेल असं. मुकुल अर्ध्या ताटावरून उठला आणि जिन्यात उभा राहून त्याने घरी फोन लावला.

"बाबा, मला न्यायला या. इथं सगळे मला चोर म्हणून राहिले."

परीक्षेला एकोणीस दिवस होते. सौदामिनीने हे ऐकलं आणि ती पळी हातात घेऊनच माझ्याकडे आली.

"अहो, तो फळा पुसा."

"तपास चालू आहे."

"वर्षभर घासलंय त्या पोराने. आता घरी गेला तर पुन्हा पुस्तक उघडेल का तो?"

"गुन्हेगार पळतोच, सौदामिनी."

पुढे ती जे बोलली ते अहवालात लिहिण्यासारखं नाही.

चार वाजता मुकुलची बॅग खोलीच्या दारात आली. वडिलांची बस अहमदपूर सोडून पुढे निघाली होती. आम्ही सगळे खोली नंबर तीनमध्ये जमलो होतो, कारण मला कबुलीजबाब हवा होता आणि सौदामिनीला मी नको होतो. एवढ्यात मेसमध्ये भाकऱ्या थापणारी कोंडाबाई पोरांनी वर आणलेली उष्टी ताटं न्यायला आली. सत्यम पलंगावर बसून तोच ढोल पुन्हा पुन्हा लावत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आरं, ते कानाच्या दारात काय अडकवलंस? आत घाल की."

"आतच हाय, मावशी."

"कुठलं आत? डुलावानी लोंबून राहिलंय. कोण्या गावचा रं तू?"

सत्यमने गाव सांगितलं. किल्लारीच्या बाजूचं, भूकंपात गेलेलं आणि नंतर दुसरीकडे वसवलेलं. कोंडाबाईने ताटं खाली ठेवली आणि ती त्याच्याजवळ टेकली.

"आईनं सांगितलंय व्हय, कान बुजवायचा न्हाई म्हणून?"

पोरगं फरशीकडे बघायला लागलं. मग हळूहळू सांगितलं. त्या पहाटे जमिनीतून गडगड आली तशी त्याची आई उठून अंगणात पळाली. तिचा धाकटा भाऊ कान दुखत होता म्हणून कापसाचे बोळे घालून झोपला होता. त्याला हाकही ऐकू गेली नाही. सत्यम त्यानंतर दहा वर्षांनी जन्मला, पण त्या घरात थंडीतही कुणी कानाला फडकं बांधत नाही.

"म्या मुद्दाम न्हाई करत, मावशी. हात आपसूक थांबतो."

मला वाईट वाटलं. गुप्तहेराला वाटू नये, पण वाटलं.

"म्याबी किल्लारीकडचीच. आमच्यातबी तसंच हाय," कोंडाबाई म्हणाली. "पर आता दिस हाय, अन् म्या हितं बसलीय."

तिने पदराला बोटं पुसली, इयरफोनचं रबरी बोंड त्याच्या कानात धरलं आणि जरासं पिळून आत सारलं. मग दुसरं. रामकिशनने दुकानात एवढंच केलं होतं.

"लाव तुजा ढोल."

सत्यमने लावला. त्याचा हात छातीवर गेला आणि तो साऱ्या गल्लीला कळेल एवढ्या मोठ्याने ओरडला, "आला! काका, ढोल आला!"

माझा चौथा निष्कर्ष नेमका हाच होता, असं मी जाहीर केलं. सौदामिनीने माझ्या उजव्या कानातला फाया उपटला, माझ्या तळहातावर ठेवला आणि ती फळा पुसायला खाली गेली.

साडेपाचला मुकुलचे वडील आले. गणिताच्या माणसासारखं त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना एकदा मोजून घेतलं.

"माझ्या मुलाला चोर कोण म्हणालं?"

मी म्हणालो नव्हतो, लिहिलं होतं. म्हणून एक पाऊल मागे सरलो. सत्यम मात्र पुढे झाला.

"म्या म्हणालो, सर. बेस गेला म्हणून बोंब म्याच मारली. त्यानं काई नेलं न्हाई. मलाच लावता येत नव्हतं."

दारात बाकीची पोरं गर्दी करून उभी होती. घड्याळवालाही होता. सरांनी मुकुलकडे बघितलं. "काय करायचं? चलायचं?"

मुकुल बराच वेळ बॅगेचा बंद ओढत राहिला. "सगळ्यांसमोर म्हणाला ना तो," अखेर तो म्हणाला. "राहतो मी."

सरांनी चहा घेतला नाही. जाताना माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "आपण काय करता?" या प्रश्नाचं मला आयुष्यात पहिल्यांदाच थोडक्यात उत्तर देता आलं. मी म्हणालो, "निवृत्त आहे."

दिवेलागणीला मी वरच्या मजल्यावर पंखे बंद करत फिरत होतो. खोली नंबर तीनचं दार उघडं होतं. सत्यमने दोन्ही कानांत इयरफोन पिळून बसवले, डोळे मिटले, आणि मिनिटभरात एक बाजू उपसून दाराकडे बघितलं. पुन्हा घातली. पुन्हा काढली. मुकुल बॅगेतली पुस्तकं परत फळीवर लावत होता. दोघं दुपारपासून एकमेकांशी बोलले नव्हते. मुकुलने हातातलं पुस्तक तसंच ठेवलं आणि तो सत्यमच्या पलंगाच्या कडेला येऊन बसला.

"घाल दोन्ही," तो म्हणाला. "माझे कान उघडे आहेत ना."

सत्यमने घातले.