एकविसाचे एकोणीस

वर्तककाकांनी आयुष्यात एकही शेअर विकत घेतलेला नाही. तरीही रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी ते पाऊण तास शेअरचा चार्ट उघडून बसतात आणि त्यातलं एखादं सेटिंग बदलतात.

दुबईत अल बर्शाला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते राहतात. एसी डक्टिंगच्या कंपनीत एस्टिमेटर आहेत. वय साठीला टेकलेलं, काकू जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी मुक्ता कॅनडात नोकरीला. लोक चहाला बोलावतात, काका दारातून हाक मारतात, "या, सेटिंग बघायला या!"

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनीच सगळं समजावलं. भाव रोज वरखाली होतो. मागच्या काही दिवसांची सरासरी घेऊन सॉफ्टवेअर त्यावरून एक शांत रेषा काढतं. किती दिवसांची सरासरी, तो आकडा आपण एका चौकटीत भरायचा.

"नऊ भरले की रेषा घाबरट होते," काका म्हणाले. "पन्नास भरले की आळशी. आता हे बघा, एकवीस! कशी समजूतदार झाली?"

माझी मुलगी इरा स्क्रीनला नाक लावून बघत होती. "अंकल, बट इट लुक्स द सेम!"

"बाळ, तुझे डोळे अजून डिफॉल्टवर आहेत."

'डिफॉल्ट', म्हणजे कंपनीने भरून दिलेलं आणि आपण हातही न लावलेलं सेटिंग, ही काकांची शिवी. खालच्या कॅफेटेरियातल्या मलबारी पोऱ्याला नव्हे, थेट मालकाला ते सांगून आलेत, "हबीबी, चाय का शक्कर डिफॉल्ट पे है." आमच्याकडे गणपतीला आले तर आरतीआधी टीव्हीचा ब्राइटनेस कमी केला. माझी बायको स्मिता मला म्हणाली, "त्यांच्या हातात निरांजन देऊ नकोस. वातीची लांबी बदलत बसतील."

एकदा मी विचारलंच, "काका, एवढा अभ्यास आहे, मग शेअर का घेत नाही?"

"घेतला की माणूस रेषेकडे बघत नाही, फायद्याकडे बघतो. खलास!"

गेल्या महिन्यात मात्र काका बदलले. लिफ्टमध्ये भेटले तर दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. मी म्हटलं, "काय काका, आज कोणतं सेटिंग?" ते नुसतेच हसले आणि आमचा मजला आला तरी उतरले नाहीत. मीच हाताला धरून बाहेर आणलं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला मी त्यांची बेल वाजवली. आत चार्ट उघडा होता. शेजारी चहावर साय धरली होती.

"आठ दिवस झाले," काका म्हणाले. "एकवीसच आहे."

"मग बदला की."

"मी फक्त एकवीस करतो हो. एकोणीस ती करते."

"कोण?"

"मुक्ता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बापलेकीचं लॉगिन एकच. ती कॉलेजात असताना काकांनीच तिला चार्ट वाचायला शिकवलं होतं. सात महिन्यांपूर्वी ती म्हणाली, बाबा, आता एकटे राहू नका, माझ्याकडे या. काका बोलून गेले, "तुझ्या घरी पाहुणा म्हणून पडून राहायला मला वेळ नाही." तिने रडत फोन ठेवला. त्यानंतर ना तिचा फोन, ना यांचा. पण पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी काकांनी चार्ट उघडला तर एकविसाच्या जागी एकोणीस. काकांनी परत एकवीस केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. तेव्हापासून रोज.

"ती बरी आहे, एवढं कळायचं," काका म्हणाले. "माझ्यावर रागावलीय, पण पूर्ण नाही, हेही."

"अहो, मग फोन करा ना!"

"दोनदा नंबर काढला, पण लावला नाही. तिने उचललाच नाही, तर मी काय समजायचं, अभय?"

मी त्यांचाच फोन उचलला, मुक्ताला लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ रिंग वाजली. काका खुर्चीची कड धरून बसले होते.

"हॅलो?" बसलेला आवाज.

काकांनी फोन माझ्याकडे सरकवला. मीच बोललो, "मुक्ता, मी समोरचा अभय. बाबा इथेच आहेत."

"व्हॉट हॅपन्ड? बाबांना काय झालं?" ती जवळजवळ ओरडली.

"काही नाही, ते ठणठणीत आहेत. तू कशी आहेस?"

तिला फ्लू झाला होता. आठवडाभर अंथरुणात होती, लॅपटॉप उघडलाच नव्हता. सांगता सांगता ती थांबली. "ओह नो. बाबा रोज बघत असतील ना?"

"ताप किती होता?" काकांनी विचारलं.

"एकशे दोन. आता नाहीये, बाबा. खरंच नाहीये."

काकांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला माझाही सोडावासा वाटला. दोघांना बोलू देऊन मी घरी आलो.

अर्ध्या तासाने आमची बेल वाजली. दारात काका, हातात चालू फोन, डोळे लाल.

"स्मिता, मऊ खिचडी कशी करायची ते हिला सांगतेस? हिची आई करायची. मी कधी विचारून ठेवलंच नाही."

स्मिताने फोन घेतला, काकांना आत बसवलं आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली. ओट्यापाशी उभी राहून ती तांदूळ, मूगडाळ सांगू लागली. पलीकडून मुक्ता विचारत होती, "स्मिताताई, पाणी किती?" काका मान खाली घालून ऐकत होते आणि आठवडाभर जेवण न झालेल्या माणसासारखे पोहे खात होते.