बांधापलीकडचे लाविओलेत

एका जंगलात, बाळांनो, सहा महिने बर्फ असे आणि बारा महिने प्रतिष्ठा. तिथे फ्लोरांस नावाची बीव्हरीण राहायची. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. अख्खा ओढा त्याला अडवता येतो, मनातली काळजी तेवढी येत नाही. फ्लोरांसचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिच्या लेकाच्या, एतियेनच्या, शाळेनं सात पिढ्यांचा दाखला मागितला होता. दाखला नाही तर प्रवेश नाही. शाळेत शिकवायचे खोड कुरतडायला. त्याला सात पिढ्या कशाला, असं विचारावं हे फ्लोरांसला सुचलं होतं. पण ती शिकलेली होती, त्यामुळे विचारायला घाबरली.

घराणं तसं बरं होतं. सासरचे रोशों. सख्ख्या काकांशी सालींच्या वाटणीवरून बोलणं बंद, म्हणजे चारचौघांसारखंच. बांधापलीकडे मात्र लाविओलेत राहत. ते परके, असं सासूबाई सांगत. एतियेनला नेमकं तिकडच्या ओदेतशिवाय करमत नसे. फ्लोरांस त्याला रोज ओढून आणी.

गावाचं दफ्तर एका म्हाताऱ्या रानहंसाकडे होतं. थंडी पडली की तो दक्षिणेला उडून जाई, म्हणून फ्लोरांस धावतपळत गेली.

वहीत नऊ जोसेफ रोशों निघाले. त्या मुलखात मुलगा झाला की जोसेफ आणि मुलगी झाली की मारी. हाक मारली की सगळं तळं डोकं वर काढायचं.

"यातले आमचे कोणते?" फ्लोरांसनं विचारलं.

"बाप बघून कळत नाही, बाई. आई बघावी लागते."

कारण तिथे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावत. त्यावरून सासूबाई फ्लोरांसला जन्मभर पाहुणी म्हणत आल्या होत्या. आता त्याच पाहुण्यांची आडनावं धरून हंस एकेक पिढी वर चढत गेला. फ्लोरांसला घटकाभर फार बरं वाटलं.

सातव्या पिढीला हंस थांबला. मूळपुरुष जोसेफ रोशों, उर्फ लाविओलेत. शिपाईगिरीत पडलेलं टोपणनाव. बायको मारी बेलँजे, मुलगे दोन. थोरल्यानं रोशों ठेवलं. धाकट्यानं उर्फ उचललं आणि बांधापलीकडे बिऱ्हाड केलं.

फ्लोरांसच्या मिशा खाली लोंबल्या. ती हळूच म्हणाली, "उर्फ गाळून दाखला मिळेल का?"

"मिळेल की," हंस म्हणाला. "पलीकडच्या बाई कालच रोशों गाळून घेऊन गेल्या."

दाखला मिळाला. प्रवेशही पक्का झाला. पण खरं बोलावं असं फ्लोरांस लेकाला रोज शिकवायची. परतताना तिला वाटलं, एकदा आपणही करून बघावं. घरी येऊन तिनं सगळं सांगून टाकलं. ओदेत तुझी चुलत बहीण लागते, म्हणाली. तो आनंदानं उडी मारेल, अशी तिची समजूत.

 एतियेननं बांधापलीकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे काकांसारखं आता तिच्याशीही बोलायचं नाही का?"

तात्पर्य: परक्यांपासून जपून राहावं. ते आपले निघाले तर कायमचे तुटतात.