सामंतकाकांचं ऑफिस

सकाळी साडेनऊला माझी बेल वाजते. दारात सामंतकाका. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात डबा. राहतात समोरच्याच फ्लॅटमध्ये, मधे फक्त पॅसेज. तरी तेवढ्यासाठी रोज दाढी करतात. "लेट नाही ना झालो?" असं विचारून माझ्या डायनिंग टेबलाच्या टोकाशी बसतात. मी अजून गाऊनमध्ये असते.

दोष माझाच. नोकरी सोडून मी फ्रीलान्सर झाले, तेव्हा मला वाटलं होतं की लॅपटॉप उघडला की कामं येतात. वेबसाइटसाठी मजकूर लिहून देईन, असं मी सगळीकडे कळवलं. लोकांनी लाइक केलं आणि पुढे गेले. जो फोन करायचा तो आधीच्या कामाचे नमुने मागायचा. दाखवण्यासारखा नमुना एकच होता, मी स्वतः.

मग मी बारापर्यंत लोळायचे आणि उरलेला दिवस नशिबाला नावं ठेवायचे. एकदा शांती नगरच्या भाजीवाल्यापाशी मी हे रडगाणं काकांना ऐकवलं. काका फोर्टातल्या एका कंपनीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "ऑफिसला शिस्त पाहिजे. उद्यापासून येतो मी." मला वाटलं, गंमत करतायत.

दुसऱ्या दिवशी आलेच. साडेनऊनंतर मी 'मॅडम'. टीव्ही बंद. दुपारी डुलकी लागायला लागली तर म्हणाले, "हाफ डे टाका." मी टाकला. त्यांनी नामंजूर केला.

अखेर हाटकेश भागातले एक शेठ गळाला लागले. मिक्सरची भांडी बनवतात, त्यांना वेबसाइटसाठी मजकूर हवा होता. कारखाना जवळच, म्हणून न सांगता स्वतःच आले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. जो लगेच भेटतो त्याला काम नसतं, हा काकांचा ठाम सिद्धांत. त्यांनी शेठना पॅसेजमध्ये स्टुलावर बसवलं. "मॅडम मीटिंग में है. थोडा रुकने का." आतून माझं गाणं आणि कपडे झटकल्याचा आवाज येत होता. शेठ बिचारे थांबले.

आत आले तेव्हा माझ्या खांद्यावर ओला टॉवेल होता. अनुभव किती, त्यांनी विचारलं. खोटं बोलायलाही थोडा अनुभव लागतो, त्यामुळे मी "कुछ नहीं" म्हणून मोकळी झाले. शेठ हसले. "सच बोला, अच्छा लगा. ये फ्रीलान्स छोडो मॅडम, मेरे ऑफिस में बैठो. रोज का काम है."

पक्की नोकरी! शेठ खाली उतरले आणि मी टॉवेलसकट नाचायचीच बाकी होते. काका म्हणाले, "अभिनंदन," आणि न उघडलेला डबा उचलून निघाले.

"काका, जेवणाची सुट्टी तरी होऊ दे."

"ऑफिस बंद झालं ना आता." दारापाशी थांबले. "ही गेल्यापासून दिवसा घरात बसवत नाही गं. तिची खुर्ची समोरच असते. मुलाला कॅनडात सांगून टाकलं, मला नोकरी लागलीय. किती खूश झाला तो. असू दे, मी बघतो काहीतरी. तू जा, छान संधी आहे."

मी इतके दिवस समजत होते, हा माणूस मला वळण लावायला येतो. स्वतःला काय समजत होते कुणास ठाऊक.

मी शेठना फोन लावला. वेबसाइटचं काम करीन, म्हटलं, पण घरूनच.

"क्यों? मेरे यहाँ एसी है."

"मेरे यहाँ स्टाफ है, सेठ."

पहिलं काम गेलं, असं मी धरूनच चालले. काका दारात तसेच उभे होते.

"वो बाहर बैठानेवाले अंकल?" शेठनी विचारलं.

"हां," मी म्हटलं. "परमनंट हैं."